कुरआनचे मराठी भाषांतर मुक्त डिजिटल रूपात आणताना: हक्कांपासून पडताळणीपर्यंतचे टप्पे

कुरआनचे मराठी भाषांतर इंटरनेटवर नाहीच, असे आज म्हणता येणार नाही. मुंबईच्या अल-बिर्र फाउंडेशनने प्रकाशित केलेले मुहम्मद शफी अन्सारी यांचे भाषांतर ‘कुरआनएन्क’ या संकेतस्थळावर आयतवार, म्हणजे एकेक वचन सुटे करून, वाचता येते. पण एखादे भाषांतर हाताशी असणे आणि त्या भाषेत झालेले बरेचसे काम हाताशी असणे, यांत मोठे अंतर आहे. दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला मजकूर जेवढा उमगतो, तेवढा एकाच्या आधारे उमगत नाही. आणि ज्याला अरबी येत नाही, त्याच्यासाठी तर ही तुलना हाच अर्थाजवळ जाण्याचा एक प्रामाणिक मार्ग असतो. जुन्या छापील आवृत्त्या, एखाद्या पाऱ्याची (कुरआनच्या तीस भागांपैकी एकाची) स्वतंत्र भाषांतरे, छापखान्याच्या संगणकावर राहून गेलेल्या फायली असे साहित्य ज्यांच्याकडे आहे, त्या भाषांतरकारांसाठी, त्यांच्या वारसांसाठी, विश्वस्तांसाठी आणि हे काम अंगावर घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे.

स्कॅन केलेली पीडीएफ फाइल वर चढवली की भाषांतर ‘उपलब्ध’ झाले, असा समज सर्रास आढळतो. ती पीडीएफ नसण्यापेक्षा असणे बरे, हे खरेच; पण तिच्यात शब्द शोधता येत नाही, अंध वाचकाला ती ऐकता येत नाही, मोबाइलच्या पडद्यावर अक्षर मोठे करून ओळी नीट बसवता येत नाहीत आणि तिचा पुढे उपयोग करायची परवानगी आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. माझ्या मते भाषांतर मुक्त झाले असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा ते कोणालाही न विचारता कायदेशीरपणे घेता येते, खरा मजकूर म्हणून वापरता येते, सूरह (अध्याय) व आयतीच्या (वचनाच्या) क्रमांकाने गाठता येते आणि आपल्या हातातली प्रत मुळाबरहुकूम आहे, हे ज्याचे त्याला तपासता येते. पुढचे सगळे टप्पे या चार गोष्टींसाठी आहेत.

पहिला टप्पा: हक्क कोणाकडे आहेत ते शोधा

कुरआनच्या मूळ अरबी मजकुरावर कोणाचा कॉपीराइट नाही. भाषांतरावर मात्र असतो आणि तो भाषांतरकाराचा असतो. ‘अल्लाहच्या वचनांवर कसला हक्क’ ही भावना समजण्यासारखी असली, तरी तिच्या आधारे दुसऱ्याने केलेले भाषांतर उचलता येत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. दोघांनी मिळून भाषांतर केले असेल, तर दोघांपैकी जो नंतर वारला त्याच्या मृत्यूपासून ही मुदत मोजतात.

मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले अब्दुल्ला युसूफ अली १९५३ साली वारले. म्हणजे १९३४ पासून लाहोरहून प्रसिद्ध होऊ लागलेले त्यांचे इंग्रजी भाषांतर भारतात १ जानेवारी २०१४ पासून मुक्त आहे. विनोबा भावे १९८२ साली गेले; त्यामुळे त्यांचे ‘कुराण-सार’ कितीही लोकमान्य असले, तरी त्यावरचा हक्क २०४२ अखेरपर्यंत शिल्लक राहतो आणि तो कोणाकडे आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अन्य देशांत मुदती वेगळ्या आहेत. ब्रिटनमध्ये ती साधारणपणे मृत्यूनंतर ७० वर्षांची आहे, हे परदेशातील सर्व्हरवर मजकूर ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

युसूफ अलींच्याच उदाहरणातून दुसरी खबरदारी कळते. त्यांच्या भाषांतराच्या पुढे सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेतील अमाना प्रकाशनाच्या १९८९ च्या आवृत्तीत शब्दयोजना आणि टिपा बदललेल्या आहेत. मुक्त झाली ती लेखकाच्या हयातीतली आवृत्ती. नंतरच्या संपादकांनी घातलेली भर आपोआप मुक्त होत नाही. म्हणून काम नेमक्या कोणत्या आवृत्तीवरून चालले आहे, त्या आवृत्तीचे वर्ष आणि प्रकाशक आधी नोंदवावा, आणि मुखपृष्ठाच्या मागचे पान स्कॅन करून कायम जपावे.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. अनेक भाषांतरे थेट अरबीवरून न होता एखाद्या उर्दू तर्जुम्यावरून झालेली असतात. कुरआनचे उर्दू भाषांतर करणारे मौलाना अबुल आला मौदूदी १९७९ साली वारले, म्हणजे त्यांच्या उर्दू लेखनावरचा हक्क भारतात २०३९ अखेरपर्यंत आहे. त्यावरून केलेल्या मराठी भाषांतरासाठी मराठी भाषांतरकाराची आणि उर्दूच्या हक्कधारकाची, अशा दोन्ही परवानग्या लागतात. प्रस्तावना, टिपा, सूची, मुखपृष्ठावरचे चित्र यांचे हक्कही वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात. एकाची परवानगी मिळत नसेल, तर त्याच्यापायी सगळे काम अडवून न ठेवता तेवढा भाग वगळावा.

भाषांतर एखाद्या संस्थेच्या नोकरीत असताना आणि त्या नोकरीचा भाग म्हणून केले असेल, तर वेगळा करार नसल्यास संस्था ही पहिली हक्कधारक ठरते. ट्रस्टच्या बाबतीत अध्यक्षांच्या तोंडी होकारावर थांबू नये, विश्वस्त मंडळाचा ठराव घ्यावा. आणि भाषांतरकार हयात नसतील, तर सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. थोरल्या मुलाची सही घेऊन काम सुरू करण्याची आपल्याकडे रीत आहे; पण शरियतच्या वारसाहक्कात पत्नीचा आणि मुलींचाही वाटा असतो, आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीची सही राहून गेली, तर परवानगी अपुरी राहते. वारसांचा पत्ताच लागत नसेल, तर कायद्याच्या कलम ३१-अ खाली रीतसर अर्ज करून परवाना मागण्याची सोय आहे. ती वाट लांबची आहे आणि तिथे वकिलाचा सल्ला घ्यावा.

दुसरा टप्पा: परवानगी कागदावर आणा

या टप्प्याला घाई करू नये. ‘आमची काही हरकत नाही, दीनचे काम आहे, खुशाल छापा’ हे शब्द मनापासून बोललेले असतात, पण पुढच्या पिढीत वाद निघाला की त्यांचा उपयोग होत नाही. कायद्यानुसार परवाना लेखी असावा लागतो. शिवाय कलम १९ आणि ३०-अ एकत्र वाचले, तर परवान्यात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास तो फक्त भारतापुरता धरला जातो. कलम १९ मध्येच, घेतलेला हक्क एक वर्षात वापरला नाही तर तो संपतो, अशीही तरतूद आहे. करारात वेगळे लिहिले असेल तरच ती लागू होत नाही. इंटरनेटवर कायमसाठी ठेवायच्या मजकुराला या मर्यादा मारक आहेत, म्हणून पत्रात हे सगळे शब्दांत मांडावे लागते. त्यातला क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे आपले लेखन सर्वांना वापरू देण्यासाठी तयार केलेल्या प्रमाण परवान्यांचा संच. पत्राचा गाभा असा असावा:

‘मी, या भाषांतराचा भाषांतरकार व एकमेव हक्कधारक, पुढे नमूद केलेल्या आवृत्तीतील संपूर्ण भाषांतर व तळटिपा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या पुढे नमूद केलेल्या परवान्याखाली सर्वांना उपलब्ध करून देत आहे. हा परवाना कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, विनामोबदला असून तो परत घेता येणार नाही, याची मला जाणीव आहे. एखाद्या वर्षात त्याचा वापर झाला नाही, तरी तो संपुष्टात येणार नाही.’

त्याखाली आवृत्ती, वर्ष, पृष्ठसंख्या, परवान्याचे पूर्ण नाव, तारीख, सही आणि दोन साक्षीदार असावेत. परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, ही गोष्ट सही करणाऱ्याला आधी तोंडी समजावून सांगणे, हे मी कर्तव्यच मानतो; वयोवृद्ध भाषांतरकारांच्या बाबतीत तर घरातल्या माणसांसमोर सांगावे. त्यांच्यापैकी बहुतेकांना हे सदका-ए-जारिया, म्हणजे मृत्यूनंतरही पुण्य देत राहणारे दान, वाटते आणि ते आनंदाने सही करतात. म्हणूनच त्यांच्या चांगुलपणाचा फायदा घेतला गेला, असे पुढे कोणालाही म्हणता येऊ नये.

भाषांतरकार हयात असतील आणि त्यांना हक्क पूर्णपणेच सोडायचा असेल, तर कलम २१ नुसार कॉपीराइट निबंधकांना नोटीस देऊन किंवा जाहीर सूचना काढून तसे करता येते.

तिसरा टप्पा: परवाना कोणता निवडावा

सगळ्यात खरी भीती इथे बोलून दाखवली जाते: ‘कोणी शब्द बदलले तर?’ ही भीती रास्त आहे आणि तिला गंभीरपणे उत्तर दिले पाहिजे. बदल करण्यास मनाई करणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘बाय-एनडी’ परवाना त्यासाठी असतो. त्याची ४.० ही आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणे, म्हणजे पुस्तकाचे ईपब (ई-पुस्तकाची फाइल) किंवा ब्रेल करणे, हा ‘बदल’ धरला जात नाही. मात्र मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयासारखे प्रकल्प हा परवाना स्वीकारत नाहीत, आणि पुढे कोणाला त्यावरून अहिराणी किंवा कोकणी भाषांतर करायचे झाले, तर वाट बंद होते.

माझा कल फक्त श्रेय मागणाऱ्या ‘बाय ४.०’ कडे आहे. ज्याला मुद्दाम शब्द फिरवायचे आहेत, तो परवाना वाचून थांबत नाही. त्याला उघडे पाडते ती सर्वांच्या हाती असलेली, सहज ताडून पाहता येणारी मूळ प्रत. शिवाय भारतीय कायद्याच्या कलम ५७ मुळे, लेखनाची विटंबना करून लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का लावणाऱ्याविरुद्ध लेखकाला आणि त्याच्या वारसांना दाद मागता येते, मग हक्क दुसऱ्याला दिलेले का असेनात. तरीही भाषांतरकाराचे मन धजत नसेल, तर ‘बाय-एनडी’वर समाधान मानावे, ते नकारापेक्षा कितीतरी चांगले आहे.

व्यापारी वापराला मनाई करणारे ‘एनसी’ कलम मात्र शक्यतो टाळावे. ते ऐकायला सात्त्विक वाटते, पण जाहिरातीवर चालणारे ॲप, किंमत लावून पुस्तक छापणारा लहान प्रकाशक, परिच्छेद उद्धृत करणारे वर्तमानपत्र, हे सारे त्यामुळे साशंक होतात. फुकट प्रत सर्वांसाठी कायम खुली असताना कोणी छापील प्रत विकली, तर वाचकाचे काही हिरावले जात नाही.

चौथा टप्पा: कागदावरून युनिकोडमध्ये

युनिकोड म्हणजे कोणत्याही संगणकावर व फॉन्टमध्ये सारखीच वाचली जाणारी अक्षरांची संकेतपद्धती. छापखान्याची मूळ फाइल मिळाली, तर आधी ती घ्यावी. पण ती बहुधा श्रीलिपी, आयएसएम किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये पेजमेकरवर बसवलेली असते. तिथे अक्षरांच्या तुकड्यांना दिलेले संकेत फॉन्टागणिक वेगळे असतात. त्या फॉन्टसाठी बनवलेला परिवर्तकच वापरावा, आणि पहिल्या वेलांटीची जागा, रफार, जोडाक्षरे व तळटिपांचे अंक या चार ठिकाणी आधी नजर टाकावी. प्रेषितांच्या नावापुढची सलाम-दुरूदची चिन्हे तर हमखास कचरा होऊन येतात. ती हाताने बसवावी लागतात. फायनल प्रूफमधल्या दुरुस्त्या काही वेळा थेट फिल्मवर किंवा कागदावर केलेल्या असतात आणि फाइलमध्ये नसतात, म्हणून फाइल मिळाली तरी छापील पुस्तकाशी ताडणे चुकत नाही.

फाइल नसेल तर स्कॅनिंग. पाने ३०० डीपीआयवर, शक्यतो करड्या छटांत स्कॅन करावीत. टेसरॅक्ट ही मुक्त ओसीआर प्रणाली, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणारी प्रणाली, मराठी वाचते, पण तिच्या हातून ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’ यांची अदलाबदल होते. याहून घातक असतो गळालेला अनुस्वार. ‘त्यांचा’चा ‘त्याचा’ झाला, तर वाक्य व्याकरणाने शुद्धच राहते, शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला काहीच खटकत नाही, पण एका समूहाविषयीचे विधान एका व्यक्तीविषयीचे होऊन बसते. म्हणून ओसीआरपेक्षा दोन वेगवेगळ्या माणसांकडून स्वतंत्रपणे टंकलेखन करून घेणे आणि दोन्ही फायली संगणकाने ओळीला ओळ लावून ताडणे, ही पद्धत महाग असली तरी मी तीच सुचवीन. दोघांची चूक एकाच जागी आणि एकाच प्रकारची होण्याची शक्यता फार कमी असते.

टंकलेखन सुरू होण्यापूर्वी संकेतांचे नियम ठरवावेत. ‘श्रद्धा ठेवणाऱ्यांनो’ हे संबोधन अशा मजकुरात वारंवार येते, आणि त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा ‘र’च्या हलन्तापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एकाला दुसरा सापडत नाही. ‘ऱ’ अक्षराचा पर्याय निवडावा आणि सगळीकडे तोच ठेवावा. छापील पुस्तकातले शुद्धलेखन मात्र आजच्या नियमांप्रमाणे सुधारू नये. भाषांतरकाराने ‘कुरआन’ लिहिले असेल तर ‘कुराण’ करू नये आणि उलटही करू नये. ते ठरवण्याचा अधिकार टंकलेखकाचा नाही.

पाचवा टप्पा: आयतवार मांडणी

मजकूर एका साध्या यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची रूढ पद्धत) फाइलमध्ये, एका ओळीत एक आयत, अशा रीतीने ठेवावा. कुरआनचा तपासलेला डिजिटल मजकूर पुरवणाऱ्या तन्झील प्रकल्पाने रूढ केलेली रचना पुरेशी आहे: आधी सूरहचा क्रमांक, मग उभी रेघ, मग आयतीचा क्रमांक, पुन्हा उभी रेघ आणि मजकूर.

११२|१|सांगा, तो अल्लाह एकच आहे.

प्रत्यक्ष फाइलमध्ये हे दोन क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहावेत, कारण बहुतेक प्रणालींना तेच सहज वाचता येतात. वाचकाला दाखवताना ते देवनागरीत करता येतात. आयती मोजण्याच्या कूफी या रूढ पद्धतीप्रमाणे ११४ सूरहमध्ये मिळून ६,२३६ आयती आहेत, तेव्हा फाइलमध्ये नेमक्या तेवढ्याच ओळी भरल्या पाहिजेत. शिवाय प्रत्येक सूरहची संख्या स्वतंत्रपणे जुळली पाहिजे, जसे अल-बकराच्या २८६ आणि अल-कौसरच्या ३. एकूण बेरीज बरोबर आणि सूरहवार चूक, असे होऊ शकते.

ओळी जुळत नसतील, तर दोष टंकलेखनाचाच असतो असे नाही. छापील पुस्तकांत क्रमांक देण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. अहमदिया जमातीच्या आवृत्त्यांत बिस्मिल्लाह ही पहिली आयत धरतात, त्यामुळे पुढचे क्रमांक एकाने सरकतात. युरोपातील जुन्या भाषांतरांत तर जे. एम. रॉडवेल यांच्या १८६१ च्या इंग्रजी पुस्तकासारखी उदाहरणे आहेत, ज्यात सूरहचा क्रमच अवतरणाच्या काळानुसार बदललेला आहे. अशा वेळी छापील क्रमांक वेगळ्या रकान्यात जपावा आणि ओळीला कूफी क्रमांक द्यावा, म्हणजे दोन भाषांतरे शेजारी ठेवता येतात आणि जुन्या पुस्तकातला संदर्भही सापडतो.

मजकूर परिच्छेदांत सलग वाहत असेल, तर तो आयतींत तोडण्याचे काम टंकलेखकाने अंदाजाने करू नये. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी जात असल्यामुळे दोन-तीन आयतींचे मिळून एकच वाक्य होणे स्वाभाविक आहे. अशा जागी अरबी जाणणाऱ्या आलिमांकडून (धर्मपंडितांकडून) तोड निश्चित करून घ्यावी. तोडताच येत नसेल, तर सगळा मजकूर पहिल्या आयतीपाशी ठेवून पुढच्या ओळींत ‘मागील आयतीशी जोडलेली’ अशी खूण करावी. ओळ कोरी मात्र कधीही सोडू नये, कारण कोरी ओळ म्हणजे राहिलेली आयत की जोडलेली आयत, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

आयतवार तोडण्यात एक धोका आहे, आणि तो अल-माऊन या छोट्या सूरहमध्ये स्पष्ट दिसतो. तिच्या चौथ्या आयतीत नमाज पढणाऱ्यांचा धिक्कार आहे आणि पाचवीत ते कोणते, हे येते: जे आपल्या नमाजविषयी गाफील असतात. चौथी आयत एकटी उचलून पडद्यावर दाखवली, तर अर्थ अगदी उलटा होतो. म्हणून ॲप किंवा पान तयार करणाऱ्यांसाठी डेटासोबत एक यादी द्यावी, ज्यात एकत्रच दाखवायच्या आयतींच्या जोड्या लिहिलेल्या असतील. एका आयतीचे चित्र करून व्हॉट्सॲपवर पाठवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, तेव्हा ही यादी फार महत्त्वाची ठरते.

भाषांतरकाराने कंसात घातलेले शब्द कंसातच राहू द्यावेत. मूळ अरबीत नसलेला, पण अर्थासाठी जोडलेला शब्द कोणता, हे वाचकाला त्या कंसांवरूनच कळते. तळटिपा मुख्य ओळीत न मिसळता वेगळ्या फाइलमध्ये सूरह, आयत आणि टिपेचा क्रमांक देऊन ठेवाव्यात.

सहावा टप्पा: शेजारी अरबी मजकूर ठेवायचा असेल तर

अरबी मजकूर कोणीही टाइप करू नये आणि ओसीआरने काढू नये. तन्झील प्रकल्प २००७ साली याच गरजेतून सुरू झाला; त्याचा तपासलेला युनिकोड मजकूर शब्दशः, कसलाही बदल न करता आणि श्रेय देऊन वापरायची परवानगी आहे. इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एकसारखे करणारी युनिकोड सामान्यीकरणाची प्रक्रिया मराठी मजकुरावर चालवली, तरी ती अरबी फाइलवर चालवू नये, कारण तिच्यामुळे शद्दा (द्वित्वाचे चिन्ह) आणि स्वरचिन्हांचा अंतर्गत क्रम बदलतो आणि प्रत मुळाबरहुकूम राहत नाही. दुसरे असे, की तन्झीलच्या फाइलमध्ये अल-फातिहा आणि अत-तौबा सोडून इतर सूरहच्या पहिल्या आयतीच्या आधी बिस्मिल्लाह जोडलेली असते. भाषांतराच्या ओळीत ती बहुधा नसते. तिची मांडणी कशी दाखवायची, हे आधी ठरवले नाही, तर अरबी आणि मराठी ओळ एकमेकांशी विसंगत दिसतात.

सातवा टप्पा: तपासणी

संगणकाने करायची तपासणी स्वस्त आहे, ती पूर्ण करावी: ओळींची संख्या, रिकाम्या ओळी, मजकुरात राहिलेली रोमन अक्षरे, न उघडलेले किंवा न मिटलेले कंस, दुहेरी मोकळ्या जागा. त्यानंतर माणसांचे वाचन. एकाने छापील पुस्तकातून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पाहावे. मनातल्या मनात वाचताना डोळा चुकीचा शब्द स्वतःच दुरुस्त करून घेतो, तसे कानाशी होत नाही. ‘नाही’, ‘नका’, ‘नये’ आणि ‘शिवाय’ असलेल्या सर्व ओळी वेगळ्या काढून पुन्हा एकदा पुस्तकाशी ताडाव्यात, कारण एक नकार गळाला तर आज्ञेची मनाई किंवा मनाईची आज्ञा होते.

शेवटी अरबी आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या आलिमांकडून, शक्य असल्यास हाफिज (कुरआन मुखोद्गत) असलेल्या व्यक्तीकडून, आयतींची तोड आणि क्रमांक तपासून घ्यावेत. त्यांच्याकडून भाषांतर सुधारून घ्यायचे नसते, प्रत तपासून घ्यायची असते, हे आधी नम्रपणे स्पष्ट करावे. भाषांतराच्या गुणवत्तेविषयी मतभेद असतील, तर ते प्रस्तावनेत किंवा स्वतंत्र लेखात यावेत, मजकुरात शिरू नयेत.

आठवा टप्पा: प्रकाशन

मूळ साध्या फाइलवरूनच बाकी सगळी रूपे यंत्राने तयार करावीत: प्रोग्रॅमरसाठी जेसन आणि एक्सएमएल, वाचकासाठी ईपब आणि वेब पाने, छपाईसाठी पीडीएफ. प्रत्येक रूप हाताने वेगळे बनवले, तर दुरुस्ती एका ठिकाणी होते आणि चार ठिकाणी राहते. देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागत असले, तरी संपूर्ण भाषांतराची साधी फाइल काही एमबींचीच होते, त्यामुळे ती फोनमध्ये कायम ठेवता येते आणि नेटवर्क नसतानाही वाचता येते. फॉन्ट मुक्त परवान्याचेच घ्यावेत. देवनागरीसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो’, अरबीसाठी ‘अमीरी’ चांगले आहेत. पडद्यावरची मांडणी कर्जाच्या लेखी नोंदीविषयीच्या अल-बकराच्या २८२ व्या आयतीवर तपासावी. ती कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे, आणि ती नीट बसली तर बाकीच्या बसतात.

वेब पानावर मराठी मजकुराला मराठीची आणि अरबीला अरबीची भाषाखूण द्यावी, अरबीची दिशा उजवीकडून डावीकडे अशी नोंदवावी. ही खूण नसेल, तर एनव्हीडीएसारखा पडदावाचक अरबी ओळ मराठी आवाजात वाचण्याचा प्रयत्न करतो किंवा ती वगळतो. अंध वाचकांच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. भारताने २०१४ साली मराकेश करार मान्य केला आहे आणि आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार दिव्यांगांसाठी सुलभ प्रत, म्हणजे ब्रेल, श्राव्य किंवा पडदावाचकाला वाचता येणारी प्रत, ना-नफा तत्त्वावर तयार करायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही. ती प्रत अशा वाचकांपुरतीच राहील, याची काळजी मात्र घ्यावी लागते. त्यामुळे वारसांच्या सह्या वर्षभर रखडल्या, तरी हे काम थांबायचे कारण नाही.

फाइल किमान तीन स्वतंत्र ठिकाणी ठेवावी: स्वतःचे संकेतस्थळ, इंटरनेट आर्काइव्ह हे डिजिटल ग्रंथालय आणि गिटहब हे फायली व त्यांतले बदल जपणारे संकेतस्थळ. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफही आर्काइव्हवर सोबत द्यावी, म्हणजे शंका आलेल्या वाचकाला मूळ पान पाहता येते. प्रत्येक प्रकाशित आवृत्तीला १.०, १.१ असा क्रमांक आणि तारीख द्यावी, आणि तिचा शा-२५६ पद्धतीचा ठसा जाहीर करावा. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी हा ठसा पूर्ण बदलतो, त्यामुळे दुसरीकडून मिळालेली प्रत तीच आहे की नाही, हे कोणालाही एका आज्ञेत कळते. परवानगीच्या पत्राची प्रत, पत्ता आणि फोन क्रमांक झाकून, त्याच जागी ठेवावी. त्यानंतर तन्झील, कुरआनएन्क आणि कुरआन डॉट कॉम यांसारख्या ठिकाणी भाषांतर समाविष्ट करण्याची विनंती करावी. त्यांच्या त्यांच्या अटी असतात. कुरआनएन्क तर मजकुरात बदल न करणे आणि आवृत्तीचा क्रमांक नमूद करणे बंधनकारक मानते.

नववा टप्पा: दुरुस्त्या आणि सांभाळ

प्रकाशनानंतर चुका कळवणारी पत्रे येतील, आणि त्यांचे स्वागत करावे. पुस्तकाशी न जुळणारा मजकूर असेल, तर दुरुस्ती लगेच करावी. पुस्तकातच छपाईची चूक दिसत असेल, तर भाषांतरकाराला किंवा वारसांना विचारून करावी आणि मूळ वाचन टिपेत जपावे. ‘हा शब्द असा हवा होता’ अशा सूचना मात्र नोंदवून ठेवून भाषांतरकाराकडे पाठवाव्यात. ते हयात नसतील, तर मजकुराला हात लावू नये. प्रत्येक दुरुस्ती बदलांच्या नोंदवहीत तारीख, सूरह, आयत, आधीचे आणि नंतरचे वाचन यांसह लिहावी, आणि जुनी आवृत्ती काढून न टाकता तशीच उपलब्ध ठेवावी.

संकेतस्थळाचे नाव, सर्व्हर आणि खात्यांचे पासवर्ड एकाच व्यक्तीकडे असतील, तर त्या व्यक्तीची बदली, आजारपण किंवा मृत्यू यांमुळे सगळे काम दिसेनासे होते. म्हणून दुसरा सांभाळकर्ता पहिल्याच दिवशी नेमावा, डोमेनचे नाव संस्थेच्या नावावर घ्यावे, त्याचे शुल्क एकदम अनेक वर्षांचे भरावे, आणि सह्यांच्या मूळ कागदांचा संच भाषांतरकाराच्या कुटुंबाकडे, एक ट्रस्टच्या दप्तरात आणि एक कामाची जबाबदारी घेतलेल्या वाचनालयात ठेवावा.